कंसातलं नाव

जुलै 2023. शाळेत प्रवेशाची गर्दी होती. मी टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा घेऊन बसले होते. एक बाई आल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची फाइल. "मॅडम, पहचाना क्या?" मी ओळखलं नाही. मुलीचं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. मुलगी आमच्याच शाळेतून त्या वर्षी दहावी पास झाली होती. हुशार, कमी बोलणारी, अक्षर सुंदर. वडील बुटीबोरीच्या एका कारखान्यात होते. ती आठवीत असताना कामावरच्या अपघातात गेले.

बाईंनी दोन कागद माझ्यासमोर ठेवले. एक बोर्डाचं प्रमाणपत्र. दुसरा, वडिलांच्या नोकरीचा जुना कागद, ज्यावर वारस म्हणून मुलीचं नाव होतं. दोन्हीवर नाव वेगळं. मुलीचंही वेगळं, वडिलांचंही वेगळं. वडिलांच्या पश्चात मिळायची रक्कम याच कारणावरून अडली होती. "साहब बोलते, ये लड़की इनकी है, इसका सबूत लाओ." हे सांगताना बाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

प्रमाणपत्रावरचं ते नाव कुठून आलं, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. ते मीच टाकलं होतं.

आज त्याबद्दल लिहिते आहे. संगणकाच्या जगात या प्रश्नाला एक नाव आहे आणि त्यावर जगभरचे लोक चाळीस-पन्नास वर्षं डोकं लावत आहेत, हे मला नंतर कळलं. एकाच गोष्टीच्या अनेक प्रती अनेक ठिकाणी ठेवल्या आणि त्या प्रती एकमेकींशी भांडायला लागल्या, तर खरी कोणती मानायची? आपल्यासारख्यांच्या घरात हा प्रश्न रोजचा आहे. फक्त आपण त्याला 'नावाचा घोळ' म्हणतो.

आधी नावाचंच सांगते, कारण मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते आणि हा घोळ माझ्या फळ्यावरच सुरू होतो. मुलीचं खरं नाव इथे देत नाही. समजा, ज़ैनब फिरदौस. उर्दूत 'ज़' या एका आवाजासाठी चार अक्षरं आहेत: ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ो. ज़ैनब ज़ेने लिहितात, ज़ाकिर ज़ालने, रिज़वान ज़ादने, ज़फर ज़ोने. मराठीत आल्यावर या चारही अक्षरांचं एकच होतं. तेही ठरलेलं नाही. कोणी झैनब लिहितो, कोणी जैनब, कोणी झेनब. मराठीतला 'ज' स्वतःच दोन तऱ्हेने बोलला जातो, 'जेवण'मधला वेगळा आणि 'जवळ'मधला वेगळा. त्यामुळे प्रत्येकाचं लिहिणं त्याच्या परीने बरोबरच असतं. मग ते इंग्रजीत जातं. इंग्रजीतून यंत्र ते पुन्हा मराठीत आणतं, आणि परत आलेलं नाव घरून निघालेलं नसतं. प्रती काढताना जे गळलं ते मागे फिरून सापडत नाही. नुसतं 'झ' बघून कोणी सांगू शकत नाही की मूळ अक्षर ज़े होतं की ज़ाद.

दुसरी अडचण विदर्भातली खास. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नाव लिहायची पद्धत अशी: शेख याकूब शेख उस्मान. म्हणजे उस्मानचा मुलगा याकूब, दोघेही शेख. सय्यद अमुक सय्यद तमुक, अब्दुल अमुक अब्दुल तमुक. मुलींच्या नावापुढे परवीन, बानो, फिरदौस, खातून. हे आडनाव आहे का? नाही. नावाचा भाग आहे का? आहे. आता संगणकाच्या पडद्यावर तीन खिडक्या येतात: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शेख कुठल्या खिडकीत टाकायचा? एक शिक्षक पहिल्या खिडकीत टाकतो, दुसरा तिसऱ्या, तिसरा दोन्हीकडे. मोहम्मदचं तर विचारूच नका. पूर्ण मोहम्मद, नुसतं 'मो.', नाहीतर गायब. एकाच घरात तीन भावांची तीन आडनावं होतात ती अशी.

महाराष्ट्रात 2015 मध्ये शाळांसाठी 'सरल' प्रणाली आली. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद संगणकावर गेली. पुढे 2022-23 पासून केंद्राच्या यूडायस प्लसमध्येही विद्यार्थीनिहाय माहिती भरणं सुरू झालं. त्याच्या जोडीला आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, शिष्यवृत्तीचा अर्ज. म्हणजे एका मुलीचं नाव सहा-सात ठिकाणी. आणि या सगळ्यांच्या आधीपासून शाळेच्या कपाटातलं जाडजूड जनरल रजिस्टर. आपल्या भाषेत दाखल-खारीज.

त्या वर्षी माझ्याकडे आमच्या शाळेचं संगणकावरचं काम होतं. वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या नावांसमोर 'जुळत नाही' असा शेरा दिसत होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. घरी मुलांचं जेवण आटोपून मी रात्री लॅपटॉप उघडला. प्रत्येक नावाशी दोन प्रती होत्या, शाळेच्या रजिस्टरवरून भरलेली आणि मुलाने आणलेल्या ओळखपत्रावरची. मी मनाशी एक सोपा नियम केला: जे नवं ते बरोबर. कार्डावर तारीख असते. रजिस्टर पाचवीतलं, कार्ड यंदाचं. नवं घ्या, पुढे चला. दीड-दोन तासांत यादी हिरवी झाली. मी समाधानाने झोपले.

ज़ैनबच्या प्रतीत त्या रात्री काय झालं, ते आता सांगते. वडील गेल्यावर आई मुलांना घेऊन मोठ्या दिराच्या घरी राहायला गेली. पत्ता बदलला म्हणून एका केंद्रावर जाऊन नवं कार्ड काढलं. कुटुंबप्रमुख म्हणून सोबत मोठे अब्बू होते आणि ते आपलं नाव मोहम्मदने लिहितात. तिथल्या माणसाने त्याच धाटणीत मुलीच्या वडिलांचं नावही लिहिलं: मोहम्मद याकूब. शेख गेला. 'फिरदौस' तर त्या केंद्राकडच्या जुन्या प्रतीत नव्हतंच. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र होतं, कारण सातवीत असताना वडील स्वतः जन्माचा दाखला घेऊन आले होते आणि रीतसर मंजुरीने नाव दुरुस्त करून घेतलं होतं. मी नवी प्रत घेतली आणि जुनी पुसली. बोर्डाचा अर्ज संगणकातल्या माहितीवरून भरला गेला. प्रमाणपत्र तसंच छापून आलं.

नवा पत्ता खरा होता. नवं नाव चुकीचं होतं. दोन्ही एकाच कार्डावर, एकाच तारखेचे. ती तारीख फक्त एवढंच सांगत होती की कार्ड कधी छापलं. नाव कोणी, कधी तपासलं, ते तारखेत नव्हतं.

पुढचे आठ महिने मी आणि त्या बाई कागद जमवत होतो. जनरल रजिस्टरवरून प्रवेश निर्गम उतारा, जन्माचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र, शाळेमार्फत दुरुस्तीचा अर्ज. मार्च 2024 मध्ये दुरुस्त प्रमाणपत्र हातात आलं. रक्कमही त्यानंतर सुटली. पण मुलीला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं होतं. प्रवेशाच्या वेळी पैसे अडकलेले होते, ती अकरावीला कला शाखेत गेली. ते वर्ष कोणी दुरुस्त करून दिलं नाही.

त्याच महिन्यात रमजान सुरू झाला होता. माझ्या बहिणीचा मुलगा मिहानमध्ये एका कंपनीत डेटाबेसचं काम करतो. इफ्तारला जाफरनगरला आमच्याकडे आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, खाला, सरकारी कामात असं चालायचंच. तो मात्र खजुराची बी ताटलीत ठेवत म्हणाला, "खाला, तुम्ही जे केलंत ना, ते आमच्याकडे रोज होतं. त्याला आम्ही 'शेवटचं लिखाण जिंकतं' म्हणतो. जगातला सगळ्यात सोपा नियम आहे. आणि सगळ्यात गुपचूप नुकसान करणारा."

मग त्याने जे समजावलं ते माझ्या शब्दांत मांडते.

मोठ्या कंपन्या माहितीची एकच प्रत ठेवत नाहीत. एक मुंबईत, एक सिंगापुरात, एक अमेरिकेत. एक यंत्र बंद पडलं तर दुसरं काम करेल, शिवाय जवळच्या माणसाला जवळची प्रत पटकन मिळेल. अडचण येते ती मधली तार तुटल्यावर. दोन्हीकडचे लोक आपापल्या प्रतीत लिहीत राहतात आणि तार जुळल्यावर दोन वेगळ्या प्रती समोरासमोर येतात. मग तार तुटली की काम थांबवायचं का? थांबवलं तर गिऱ्हाईक खोळंबतं, चालू ठेवलं तर प्रती फाटतात. एरिक ब्रुअर नावाच्या शास्त्रज्ञाने 2000 मध्ये हा पेच मांडला आणि 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच या दोघांनी गणिताने सिद्ध केलं की तार तुटलेली असताना दोन्ही गोष्टी एकदम मिळू शकत नाहीत. बँकेने खात्यातून पैसे देताना थांबणं पत्करावं. दुकानाने थांबू नये.

"पण घड्याळ बघितलं की कळतं ना, आधी कोण आणि नंतर कोण?" मी विचारलं.

"दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत, खाला. एकाचं दोन सेकंद पुढे असलं तर त्याचं जुनं लिखाणही नवं ठरतं." लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच दाखवून दिलं होतं की अशा ठिकाणी घड्याळाची वेळ बघण्यापेक्षा कोणाला कोणाची खबर होती ते बघावं. मी तुझं पत्र वाचून उत्तर लिहिलं, तर माझं उत्तर तुझ्या पत्रानंतरचं. दोघांनी एकमेकांची पत्रं न वाचता लिहिली, तर आधी-नंतरला अर्थच नाही.

मग त्याने फळांच्या पुडीचा कागद सरळ केला आणि दोन रकाने आखले. एक शाळा, एक केंद्र. "प्रत्येकाने किती वेळा लिहिलं ते मोजा." मुलीचं पहिलं कार्ड शाळेच्या दाखल्यावरून झालं, म्हणजे शाळा 1, केंद्र 1. सातवीत आम्ही दुरुस्ती केली, ती केंद्राला कळलीच नाही. आमची प्रत झाली शाळा 2, केंद्र 1. पुढे केंद्राने आपल्याच जुन्या प्रतीवर नवं कार्ड काढलं. त्यांची प्रत झाली शाळा 1, केंद्र 2. "आता सांगा, यातली नवी कोणती?"

मी बघत राहिले. एका रकान्यात आम्ही पुढे, दुसऱ्यात ते पुढे. कोणतीच प्रत दुसरीला पोटात घेत नव्हती.

"इथे नवं-जुनं नाहीच. इथे तंटा आहे. यंत्राचं काम एवढंच, की तंटा आहे हे ओरडून सांगायचं. निकाल यंत्राने द्यायचा नसतो."

काही तंटे यंत्र आपणहून मिटवू शकतं. दोन शिक्षक दोन वह्यांत हजेरी घेत असतील आणि प्रत्येकाने फक्त हजर मुलांवर खूण करायची असेल, तर दोन्ही वह्यांतल्या खुणा एकत्र केल्या की झालं. आधी कोणती वही उघडली याने काही बिघडत नाही. अशा तऱ्हेच्या, आपोआप जुळणाऱ्या रचनांचा शास्त्रशुद्ध पाया 2011 मध्ये मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. अमेझॉननेही 2007 मध्ये आपली पद्धत जाहीर केली होती. गिऱ्हाइकाच्या टोपलीच्या दोन प्रती झाल्या तर दोन्हींतल्या वस्तू एकत्र करायच्या, म्हणजे टाकलेली वस्तू हरवत नाही. त्याचा एक तोटा त्यांनीच लिहून ठेवला आहे: काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत परत येते. दुकानाला ते चालतं. पण नाव ही काही टोपली नव्हे. मोहम्मद याकूब आणि शेख याकूब एकत्र करून काय मिळणार?

"मग अशा वेळी काय करतात?"

"दोन्ही प्रती ठेवतात. कोणी केव्हा लिहिली त्याच्या नोंदीसकट. आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारतात." काउचडीबी नावाच्या एका डेटाबेसमध्ये यंत्र दिखाव्यापुरती एक प्रत पुढे करतं, पण हरलेली प्रत फेकत नाही, तंटा म्हणून बाजूला जपून ठेवतं. पुढे कोणीतरी ती उघडून बघायला मात्र हवी.

हे ऐकताना मला एकदम अब्बांचा सातबारा आठवला.

काटोलकडे आमची संत्र्याची थोडी जमीन आहे. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या जागी वारसांची नावं लागली, अब्बा, चाचा आणि दोन्ही फुप्प्या. लहानपणी मी पटवाऱ्याच्या हातचा तो सातबारा पाहिला होता. आजोबांचं नाव खोडलेलं नव्हतं. त्याला कंस केला होता आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिला होता. मी अब्बांना विचारलं, हे असं का? ते म्हणाले, "कंस म्हणजे हा माणूस आता नाही, पण होता. कसा गेला, कोण आलं, ते त्या नंबरात बघायचं."

आज विचार केला तर ती पद्धत किती जाणती आहे ते कळतं. बदल थेट सातबाऱ्यावर होत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते. हितसंबंध असलेल्या लोकांना नोटीस जाते, चावडीवरही लागते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच ती सातबाऱ्यावर चढते. म्हणजे बदल सुचवणारा एक, मंजूर करणारा दुसरा, मध्ये गावाला बोलायची संधी, आणि जुनं नाव कंसात जिवंत.

सातबारे संगणकावर गेले तेव्हा हाताने लिहिलेली प्रत आणि संगणकाची प्रत यांत फरक निघाले. लाखो उतारे माणसांनीच टंकले, चुका होणारच. 2017 मध्ये महसूल विभागाने गावोगाव चावडी वाचन घेतलं. उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याचं त्याने ऐकून सांगायचं, बरोबर की चूक. अब्बा तेव्हा हयात होते. हट्टाने मोठ्या फुप्पीला सोबत घेऊन गेले. आमच्या गटाचं वाचन झालं आणि त्यात धाकट्या फुप्पीचं नाव आलंच नाही. हातच्या सातबाऱ्यावर होतं, संगणकाच्या प्रतीत गळलं होतं. मोठी फुप्पी बायकांच्या घोळक्यातून उठून म्हणाली, "मेरी बहन का नाम पढ़ो." सत्तरीची बाई, शाळेत कधी गेली नाही. पण तिला आठवत होतं. नाव पुढे लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त झालं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 155 मध्ये त्याची सोय आहे.

संगणकाची प्रत नवी होती. तिथे 'नवं ते खरं' म्हटलं असतं तर फुप्पीचा हिस्सा कोणाशीही भांडण न होता नाहीसा झाला असता.

इथे एक शंका कोणीही काढेल. माझ्या त्या मुलीच्या बाबतीत 'मोहम्मद याकूब' एकाच कागदावर नव्हतं ना? शिष्यवृत्तीत तेच, बँकेत तेच, संगणकात तेच. बहुमत तर त्याचंच होतं. त्या कार्यालयातला कारकूनही मला हेच म्हणाला, "मॅडम, चार कागदांवर हे नाव आहे, एका रजिस्टरवर ते." त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं.

याचं उत्तर पुण्याच्या भांडारकर संस्थेत सापडतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचं काम तिथे 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या 1259 हस्तलिखितांचा आधार घेतला गेला. त्यात एका श्लोकाची दहा रूपं. निवड करायची कशी? सुकथनकरांनी हातं मोजली नाहीत. एका पोथीवरून पन्नास नकला झाल्या असतील तर त्या पन्नासांचं मत एकच. उलट उत्तरेतली एक परंपरा आणि दक्षिणेतली एक, ज्यांचा एकमेकींशी संपर्क नव्हता, त्या एखाद्या पाठावर जुळल्या तर तो पाठ जुना असण्याची शक्यता मोठी. शिवाय जे पाठ मागे पडले ते त्यांनी फेकले नाहीत. वर निवडलेला पाठ छापला आणि त्याच पानाच्या तळाशी बाकीचे पाठभेद, कोणत्या पोथीत कोणता, या नोंदीसकट.

आपल्या वाचकांना हे अनोळखी वाटू नये. हदीसच्या अभ्यासकांनी हेच केलं. कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी, म्हणजे इस्नाद, प्रत्येक रिवायतीसोबत जपली. वेगवेगळ्या वाटांनी, एकत्र ठरवून बोलणं शक्य नाही इतक्या लोकांकडून जी आली तिला मुतवातिर म्हटलं. दहा माणसं एकाच माणसाकडून ऐकून सांगत असतील तर अभ्यासक त्या एका माणसापाशी जाऊन थांबत.

मी कारकुनाला एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त चारही कागदांच्या तारखा लावून दाखवल्या. चारही त्या एका कार्डावरून झाले होते. ते चार साक्षीदार नव्हते, एकच साक्षीदार चार वेळा बोलत होता. दुसऱ्या बाजूला शाळेचं रजिस्टर, जन्माचा दाखला आणि वडिलांच्या नोकरीचा कागद, तिघे तीन वेगळ्या ठिकाणचे, तीन वेगळ्या काळातले. त्याने थोडा वेळ कागद पाहिले आणि म्हणाला, "प्रमाणपत्र दुरुस्त करून आणा, मग मी पुढे पाठवतो." त्याने तसं केलंही.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती लिहायला मला जड जातं.

दुरुस्त प्रमाणपत्र द्यायला मी त्या मुलीच्या घरी गेले होते. तिने ते दोन्ही हातांत धरून वाचलं. मग हळूच म्हणाली, "मिस, मैंने बोली थी ना." मला आधी कळेना. मग आठवलं. दहावीच्या वर्षी बोर्डाच्या अर्जाची यादी तपासायला वर्गात फिरवली होती. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "मिस, अब्बू का नाम ऐसा नहीं है." मी मान वर न करता विचारलं होतं, "कार्डवर असंच आहे ना?" ती म्हणाली, हो. "मग बरोबर आहे. जा, बस."

म्हणजे चावडी वाचन झालं होतं. जिला माहीत होतं ती उठून बोललीही होती. मीच ऐकलं नाही. माझ्या वर्गातल्या त्या पोरीला माझ्या फुप्पीइतकाच अधिकार होता, तिच्या वडिलांचं नाव तिच्याहून जास्त कोणाला माहीत असणार?

त्यानंतर मी तीन गोष्टी करते. पहिली, दोन प्रती जुळल्या नाहीत तर कोणतीही पुसत नाही. माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. त्यात दोन्ही नावं लिहिते, कोणत्या कागदावर कोणतं, तो कागद कशावरून झाला, आणि तारीख. दुसरी, पत्ता बदलायला आलेल्या कागदावरून फक्त पत्ताच घेते. नाव त्याच्या मागोमाग आत येऊ देत नाही. तिसरी, दरवर्षी बोर्डाच्या अर्जाआधी एक तास वर्गात यादी मोठ्याने वाचते. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, बरोबर की चूक. मुलं याला गमतीने 'मिस की चावडी' म्हणतात. मागच्या वर्षी त्यात अकरा चुका निघाल्या. दोन माझ्याच हातच्या होत्या.

वाचकांना एक विनंती. या आठवड्यात घरातल्या एका मुलाचे सगळे कागद एका चादरीवर मांडा. जन्माचा दाखला, शाळेचा उतारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक. नावं मोठ्याने वाचा. फरक दिसला तर घाईने नव्या कागदासारखं सगळं करून टाकू नका. कोणता कागद कशावरून झाला ते आधी विचारा. जो सगळ्यात आधी, सगळ्यात जवळून, माहीत असलेल्या माणसाने लिहवून घेतला, तो शोधा. जुने कागद फाडू नका, रद्द झाले असले तरी. आणि मूल काही म्हणालं तर मान वर करून ऐका.

ती मुलगी यंदा बारावी झाली. पेढे द्यायला शाळेत आली होती. मी तिच्यासमोर वही उघडली आणि तिचं पान दाखवलं. वर तिचं खरं नाव, पूर्ण, उर्दूतही आणि मराठीतही. खाली मी टाकलेलं चुकीचं नाव. ते खोडलेलं नाही. कंसात आहे, शेजारी तारीख आणि माझी सही.